उलटी पिशवी

मासळीबाजारात पाऊल टाकलं की पहिला दिसायचा तो बर्फशेठ. दिसायचा कसला, डोळ्यांत घुसायचा. ओट्यावर पांढरेफेक दिवे, दिव्यांखाली बर्फाचा ढीग, आणि ढिगावर एका मापाचे, एका रंगाचे, एकाच दिशेला तोंड करून निजलेले मासे. शाळेतली कवायतच जणू. त्याच्या शेजारी कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे अंधार. त्या अंधारात पालथ्या क्रेटवर बसलेली असायची मावशी. ती आधी दिसत नसे, आधी ऐकू येई. उठताना "आई गं", बसताना "आई गं", आणि मधल्या वेळात दगडावर सुरी घासल्याचा आवाज.

ती कुणाची मावशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला बहीण नव्हतीच. पण बाजारात एकदा नाव पडलं की पडलं. बर्फशेठ तिच्याहून वयानं चांगला मोठा, टकलाच्या कडेनं उरलेले केस काळे करणारा. तोही तिला मावशीच म्हणायचा. त्यावर ती म्हणे, "मला मावशी म्हटल्यानं तुझं वय उतरत नाही रे बाबा. आणि केस रंगवतोस तर भुवयांनी काय पाप केलंय?"

तिच्या पाठीमागच्या भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग होती. सासूच्या काळात ठोकलेल्या, मासळीच्या हातांनी गुळगुळीत झालेल्या. सकाळी कामावर जाताना लोक यायचे आणि आपापली कापडी पिशवी आपापल्या खुंटीला अडकवून निघून जायचे. काय हवं, किती हवं, एक अक्षर नाही. दुपारी होडी लागली की मावशी आलेली मासळी साफ करून, कापून, प्रत्येकाच्या पिशवीत टाकायची. संध्याकाळी लोक पिशवी उचलायचे आणि आत काय आहे ते घरी जाऊन बघायचे. गिऱ्हाइकानं मासा निवडायचा, ही जगाची रीत. इथे मासा गिऱ्हाईक निवडायचा.

अर्थात माशाच्या वतीनं मावशीच. बँकेतल्या बाईंचा मुलगा काट्याला घाबरतो, तर त्यांच्या पिशवीत जाड पाठीचा बांगडा. कंपाउंडरच्या घरी सासरे राहायला आलेले, तोंडात दात औषधालाही नाही. त्यांना मऊ काहीतरी. एकदा घाईत त्यांच्या पिशवीत माकूळ गेलं. म्हातारबाबा रबर चघळावं तसं ते रात्रभर चघळत बसले आणि सकाळी जावयाला म्हणाले, "लागतं छान, पण संपत कधी?"

आणि ज्या दिवशी समुद्रानं काही दिलंच नाही, त्या दिवशी मावशी पिशवी उलटी करायची. आतली शिवण बाहेर काढून पुन्हा खुंटीला. लांबूनच कळावं, आज नाही. विचारणं नाही, सांगणं नाही, लाजणं नाही.

होडी होती तिच्या दिराची. भावजी म्हणजे अबोल माणूस. दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन इंजिनाशी. आधी होडीवर मावशीचा नवराही जायचा. मग त्याच्या कमरेनं राजीनामा दिला आणि तो घरी बसून जाळी विणू लागला. सगळ्या घराण्याचं तोंड मात्र देवानं त्याच्याच वाट्याला दिलेलं. बर्फशेठच्या मालाबद्दल तो म्हणायचा, "त्या माशानं जेवढा प्रवास केलाय ना, तेवढा आपल्या अख्ख्या खानदानानं केलेला नाही. गाडी, मग गोदाम, मग दुसरी गाडी. मेल्यावर इतकी सोय आपली कोण करणार आहे?"

भावजीच्या जाळ्याची भोकं मोठी. लहान मासळी निसटून जायची आणि ती जावी म्हणूनच भोकं मोठी होती. पोटात अंड्यांची गाभोळी असलेला मासा जिवंत आला तर तो परत पाण्यात. मासळीच्या विणीच्या महिन्यांत होडी किनाऱ्यावर पालथी, आणि मावशीच्या भिंतीवर त्या महिन्यांत नुसत्या खुंट्या. बर्फशेठकडे तेव्हाही दिवे चालूच. "तुझं बरंय," मावशी त्याला म्हणायची. "तुझे मासे बाळंतच होत नाहीत."

"तुझी मासळी बाळंत होईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही, मावशी," तो म्हणायचा. त्याचंही खोटं नव्हतं.

आता बाजार म्हटला की कुचाळकी आलीच. या बाजाराला अनेक दिवस पुरलेली एक कुचाळकी म्हणजे शिंपीदादाची दुसरी पिशवी. शिंपीदादाचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच. सकाळी तो दोन पिशव्या आणायचा: एक आपली, खाकी, आणि एक निळ्या पट्ट्यांची. "ही कुणाची?" कुणी विचारलं की मान वळवून म्हणायचा, "आहे, नात्यातल्यांची." बाजारानं काही दिवस वाट पाहिली, नातं कळेना, मग बाजारानं आपलं आपणच नातं जुळवलं. शिंप्यानं दुसरं घर केलंय! ते त्याच्या बायकोच्या कानावर गेलं. ती एक दिवस येऊन पट्ट्यांच्या पिशवीचा वास घेऊन गेली. पिशवीला मासळीशिवाय दुसरा कसला वास येणार? तरी शिंपीदादाला आठवडाभर घरी पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घ्यावं लागलं. बिचाऱ्यानं तोंड उघडलं नाही. मावशीनं कधी विचारलं नाही. तिचं म्हणणं एवढंच, पट्ट्यांच्या पिशवीला तारली आवडते. तारल्या घातल्या की पिशवी दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून येते.

तर असं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे ढकललं जात होतं. मावशीचे गुडघे गेले होते. थंड पाण्यात हात घालून घालून बोटांची पेरं सुजली होती. सकाळी मूठ वळायला चहाचा गरम पेला लागायचा. आणि त्यात वारा सुटला.

वारा म्हणजे कसला, पाहुण्यासारखा आला आणि घरजावयासारखा राहिला. होडी बाहेर काढायची सोय नाही. मोठ्या बोटी जात होत्या. तळ खरवडून, हाताला लागेल ते गोळा करून येत होत्या. भावजी किनाऱ्यावर उभा राहून नुसता लाटांकडे बघायचा. मावशी रोज सकाळी पिशव्या लागलेल्या बघायची, आणि रोज दुपारी एकेक उलटी करायची. पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी "हवाच तशी आहे" म्हणाले. मग म्हणेनासे झाले. उलटी पिशवी काढायची, घडी करायची, निघायचं.

मग एका संध्याकाळी कंपाउंडर म्हणाला, "मावशी, राग मानू नका. दोन-चार दिवस पिशवी नाही टांगत. सासरे रोज दारात बसतात हो. उलटी पिशवी बघितली की जेवतच नाहीत."

बँकेतल्या बाई त्याच्या मागेच होत्या. त्या जरा फटकळ. "रोज आशेनं टांगायची आणि रोज रिकामी न्यायची. परीक्षेचा निकाल आहे का हा? उद्याही उलटी दिसली ना, तर मीही बंद करीन."

त्याच दिवशी भावजी येऊन भिंतीला टेकला. रिकाम्या खुंट्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वहिनी, मोठ्या बोटीचा मुकादम बोलावतोय. हाताखालचा माणूस पाहिजे म्हणतो."

"मग?"

"खुंट्याच राहिल्या नाहीत तर मी जाळं टाकू कुणासाठी? वारा पडला आणि इथे पिशव्या नसल्या, तर होडी देऊन टाकतो."

एवढं बोलून त्याचे दोन दिवसांचे शब्द संपले. तो गेला. आणि मावशी क्रेटवर बसून राहिली. भावजीनं आयुष्यभर त्या मोठ्या बोटींच्या मागे थुंकत होडी हाकली होती. त्याच बोटीवर तो आता दुसऱ्याचं जाळं ओढणार, आणि जाळ्यात बोटभर लांबीची पिल्लं येणार. ही होडी गेली की खुंट्या म्हणजे नुसत्या छत्र्या अडकवायला.

थकलेलं माणूस चूक करतं तेव्हा ती मोठ्या हुशारीनं करतं. मावशीनं रात्रभर हिशेब मांडला: पिशव्या टिकल्या पाहिजेत. वारा आज ना उद्या पडणार. मधला एक दिवस, एकच दिवस, पिशव्या सुलट्या राहिल्या की झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाजार पेंगत असताना, ती भिंतीपाशी गेली आणि बर्फशेठला हळूच म्हणाली, "तुझ्याकडचे कापलेले तुकडे दे. बरेच दे."

बर्फशेठ स्टुलावरून पडायचाच राहिला. "कुणाला? तुला? घरी पाहुणे?"

"पाहुणेच समज."

त्यानं खुंट्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. एरवी या गोष्टीचा त्यानं ढोल बडवला असता. पण मावशीचा चेहरा बघून त्यानं निमूटपणे तुकडे काढून दिले. एवढंच म्हणाला, "मी कुणाला सांगत नाही हं." हे वाक्य त्यानं आयुष्यात अनेकांना ऐकवलं होतं आणि एकदाही पाळलं नव्हतं.

मावशीनं ते तुकडे पिशव्यांत घातले. साफ करायला नाहीत, कापायला नाहीत, सगळे सारखे. कोणता कुणाला, हा प्रश्नच नाही. काम इतक्या लवकर आटोपलं की तिला हाताचं काय करावं कळेना. उरलेले दोन तुकडे तिनं घरी नेले. नवऱ्यानं ते खाल्ले आणि पहिल्यांदाच जेवताना गप्प राहिला.

आणि त्या संध्याकाळी वारा पडला. नशीब थट्टा करायला बसलं की असं बसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेतल्या बाई लांबूनच हात हलवत आल्या. "मावशी! काय मासळी होती हो! एक काटा नाही! आमच्या चिरंजीवांनी मागून खाल्ली. आज तशीच द्या हं." पिशवी अडकवून पुन्हा वळल्या. "अगदी तश्शीच!"

त्यांच्या मागून आले तेही तेच. कालच्यासारखी. कालचीच. रोज अशीच देत चला ना. दोन नवे चेहरेही आले, शेजारणींनी पाठवलेले. भिंत भरली. वारा सुटल्यापासून इतक्या पिशव्या लागल्या नव्हत्या, आणि मावशी त्यांच्याकडे पाठ करून बसली. कंपाउंडर तेवढा काही बोलला नाही. काल बोलावून घेऊन तिनं त्याच्या हाती पुडकं दिलं होतं. त्यानं आज पिशवी लावली खरी, पण डोकं खाजवत, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा निघून गेला.

मग भिंतीवरून एक तोंड पुढे आलं. बर्फशेठचं. केस रंगवलेले, पण चेहऱ्याचा रंग उडालेला.

"मावशी," तो कुजबुजला. "इकडे ये."

"गुडघे दुखतात. तू ये."

तो आला. बर्फशेठ भिंत ओलांडून आलाय हे बघून समोरच्या ओट्यावरच्या दोघी बोलायच्या थांबल्या. तो आणखी खाली वाकला. "काल तू ते तुकडे कुणाकुणाला घातलेस?"

"सगळ्यांना."

"पट्ट्यांच्या पिशवीतही?"

"म्हणजे काय, तिनं काय पाप केलं?"

बर्फशेठनं कपाळाला हात लावला. मग जे बोलला ते मावशीला दोनदा ऐकावं लागलं. झालं होतं असं: बर्फशेठच्या घरी बर्फशेठचा मासा कुणी खात नाही. खुद्द बर्फशेठही. बायको त्याला म्हणाली होती, मी तुमचा मासा शिजवीन, पण खायला कुणाला तरी घेऊन या. तेव्हापासून शिवायला दिलेल्या कपड्यांबरोबर तिची निळ्या पट्ट्यांची पिशवी शिंपीदादाकडे जायची, आणि शिवलेल्या कपड्यांखालून मावशीची मासळी घरी यायची. शिंप्याला शपथ घातलेली. आणि काल रात्री बर्फशेठ मोठ्या आशेनं ताटावर बसला. वाऱ्यामुळे इतके दिवस तारल्या नव्हत्या. ताटात आला सरळ करवतीनं कापलेला तुकडा. मधला काटा रुपयासारखा गोल, कडा पट्टी ठेवून आखल्यासारखी. आपल्या यंत्राचं काम माणूस ओळखणार नाही?

"माझ्याच घरात," बर्फशेठ जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला, "माझ्याच ताटात, मलाच माझा मासा!"

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. वारा सुटल्यापासून तिला हसू आलं नव्हतं. ते आता पोटातून वर आलं आणि गुडघ्यांपर्यंत दुखलं.

"मग लागला कसा?"

"चेष्टा नको. ओरडूही शकत नाही मी. ओरडलो तर तुझं उघडं पडेल."

"आणि तुझं."

"आणि माझं," तो म्हणाला. "बायको काय म्हणाली माहितीय? म्हणाली, त्या बाईनं हात टेकले म्हणजे संपलंच आता. उद्यापासून आपण पाव खाऊ." तो पुन्हा भिंत ओलांडून गेला, आणि जाता जाता एका गिऱ्हाइकाला नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "या या, ताजा माल!" पण आवाज मधेच फाटला.

तेवढ्यात भावजी आला. डोक्यावर टोपली, पाठीवरून पाणी निथळतंय, आणि तोंडावर चक्क हसू. त्यानं टोपली खाली ठेवली. तारल्या, चांदीच्या, पाठी अजून निळ्या. थोडे बांगडे, माकुळं, आणि एक खडकातला मासा, इतका कुरूप की त्याला बघून दुसऱ्या दिवशी दाढी करावीशी वाटावी. भावजीनं वर पाहिलं. भरलेली भिंत बघून तो बघतच राहिला.

"राहिल्या की पिशव्या," तो म्हणाला. "मुकादमाला नाही सांगून येतो, वहिनी."

"संध्याकाळपर्यंत थांबा, भावजी," मावशी म्हणाली.

"का?"

"थांबा म्हटलं ना."

तो दाराशी जाऊन बसला. मावशीनं सुरी घेतली. हे तारलीचं प्रकरण मोठं वैतागाचं. काटे केसांसारखे, काढू तितके उरतात. प्रत्येक मासा हातात घेताना तिला बँकेतल्या बाईंचं "अगदी तश्शीच" ऐकू येत होतं. गप्प बसावं? आज तारल्या घालाव्यात. लोक कुरकुरतील, उद्या पुन्हा बर्फशेठकडून आणावं, परवा पुन्हा. पिशव्या राहतील. पण मग होडी कशाला? गाडीची मासळी टांगायला भावजीनं जाळं का टाकायचं? म्हणजे ज्या खुंट्या होडीसाठी राखायच्या म्हणून तिनं लबाडी केली, त्याच खुंट्यांना होडी नकोशी झाली होती. हे सरळ होतं, पण थकलेल्या डोक्यात शिरायला दुपार लागली.

मासळी कापून झाली. तिनं सगळी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली. मग "आई गं" म्हणत उठली आणि एकेक पिशवी काढून उलटी करायला लागली. एकदम सगळी भिंत. समोरच्या दोघी आता उघडउघड बघत होत्या. बर्फशेठनं एक दिवा उगीचच पुसला.

संध्याकाळी पहिल्या आल्या बँकेतल्या बाईच.

"हे काय? उलटी? अहो, फडक्याखाली मासळी दिसतेय की!"

"आहे," मावशी म्हणाली. "ती आजची आहे. काल दिली ती माझी नव्हती. होडी गेलीच नव्हती काल. मी गाडीची मासळी घातली तुमच्या पिशवीत, आणि सांगितलं नाही."

बाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "म्हणजे फसवलंत आम्हाला."

"हो."

बाईंनी पर्स पुन्हा पहिल्या खांद्यावर घेतली. भांडणाला समोरून थोडी तरी मदत लागते. "पण चांगली होती हो!" त्या शेवटी म्हणाल्या.

"होती ना. शेजारीच मिळते, रोज मिळते. कालची ज्याला हवी त्यानं पिशवी तिकडे न्यावी, मला राग नाही. आजची हवी असेल त्यानं पिशवी आपल्या हातानं सुलटी करून द्यावी. आज तारली आहे. काटे आहेत, आधीच सांगते."

बाईंनी पिशवी हातात घेतली. एक बोट शिवणीवरून फिरवलं. मागे लोक जमले होते, सगळे ऐकत होते, आणि बाईंच्या चेहऱ्यावर तो काटेखोर मुलगा स्पष्ट दिसत होता. "मुलगा ऐकत नाही हो, मावशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि उलटीच पिशवी घेऊन भिंतीपलीकडे गेल्या. बर्फशेठ "या, बाई" म्हणाला. पण इतक्या पडेल आवाजात की जणू तोच पकडला गेला होता.

मग काही जण त्यांच्या मागे गेले. नवे दोघे तर लगेच. एक जण काहीच न घेता, "बाजारात विश्वास राहिला नाही" असं खुंटीला ऐकवून गेला. मावशी उभीच होती. बसली असती तर पुन्हा उठवलं नसतं तिच्यानं.

कंपाउंडर पुढे आला, पिशवी काढली आणि तिथंच सुलटी केली. "तरीच!" तो म्हणाला. "सासरे काल एक घास खाऊन म्हणाले, याला वास नाही. मी म्हटलं, ताजा आहे म्हणून. तर म्हणतात, ताज्याला समुद्राचा येतो, शिळ्याला शिळा येतो. याला कशाचाच नाही. हा मासा आहे की माशाचा फोटो?" लोक हसले. हसण्यात आणखी दोघी-तिघींनी पिशव्या सुलट्या केल्या, एक म्हणाली, "काटे मी काढते बाई, पण पुन्हा असं करू नका. उलटी तर उलटी, आम्ही काय मरत नाही."

"नाही करणार," मावशी म्हणाली.

भावजी दाराशी उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो काही बोलला नाही. पण बोलला नाही म्हणजे रागावला असं त्याच्याबाबतीत सांगता येत नसे.

शेवटी शिंपीदादा आला. आपली खाकी पिशवी त्यानं सुलटी केली, तारल्या घेतल्या. पट्ट्यांच्या पिशवीकडे बघितलं आणि अडला. शपथ एकीकडे, दुसऱ्याच्या पिशवीचा निर्णय एकीकडे. "ही… म्हणजे नात्यातल्यांना विचारावं लागेल," तो म्हणाला.

"नात्यातलं कोण ते सांगूनच टाका आता!" समोरच्या ओट्यावरून एकीनं टोमणा हाणला. "आज सगळं खरं बोलायचा दिवस आहे!"

मावशीनं तोंड उघडलं असतं तर बाजाराला महिनाभर दुसरा विषय लागला नसता. तिनं फडक्याची घडी घातली. "ज्याची त्याला ठाऊक," एवढंच म्हणाली.

तेव्हा भिंतीवरून एक हात आला. आधी हात, मग बाही, मग बर्फशेठ. कुणी बघत नाही अशा थाटात, आणि अख्खा बाजार बघत असताना, त्यानं निळ्या पट्ट्यांची पिशवी खुंटीवरून काढली, झटकली, सुलटी केली आणि मावशीसमोर धरली.

"तारल्या," तो म्हणाला. "भरपूर घाल."

समोरच्या ओट्यावरच्या दोघी उठून उभ्याच राहिल्या. मग शिंपीदादानं आयुष्यातला सगळ्यात लांब सुस्कारा सोडला आणि ओरडला, "कुणीतरी जा रे, माझ्या बायकोला बोलवा!"

भिंतीपलीकडे अजून उभ्या असलेल्या बँकेतल्या बाईंनी आपल्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं, बर्फशेठच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होत्या, पण उशीर झाला होता, बस जायची वेळ झाली होती. त्या पुडकं घेऊन गेल्या. त्यांची खुंटी दुसऱ्या दिवशीही रिकामी राहिली. त्यापुढचंही काही खात्रीनं सांगण्यासारखं नाही.

बाजार पांगला. मावशीनं ओटा धुतला. भावजी आत आला आणि पाण्याची बादली तिच्या हातातून काढून घेतली.

"निम्म्या गेल्या," तो म्हणाला.

"गेल्या."

"निम्म्या आहेत."

"आहेत. मुकादमाला काय सांगणार?"

त्यानं बादली ओतली, पाणी वाहून जाईपर्यंत बघितलं. "सांगतो की वहिनीची पाठ धरलीय, टोपली उचलायला घरचं माणूस लागतं."

"पाठ नाही, गुडघे."

"मग गुडघे सांगतो," भावजी म्हणाला आणि टोपली घेऊन पुढे चालू लागला. एवढं बोलणं त्याच्याकडून पुन्हा लवकर होणार नव्हतं.

घरी नवरा ताटावर बसला. उरलेल्या तारल्या तिनं तळून वाढल्या. त्यानं एक उचलली, उलटसुलट केली, घास घेतला आणि गालातून एक काटा काढला. मग दुसरा. मग तिसरा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "कालचा बरा होता."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मावशीनं ताट उचलून नेलं असतं. आज तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. तिनं "आई गं" म्हणत पाट ओढला, त्याचं ताट आपल्याकडे सरकवलं आणि सुजलेल्या बोटांनी तारलीची पाठ उकलून काटे वेगळे काढायला लागली.

"होडी?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"उद्या जातेय."

"हं," तो म्हणाला, आणि काटे काढून होईपर्यंत मुकाट वाट बघत बसला.